पायरीचं गणित

जिना चढताना दम लागतो, तो बऱ्याचदा मापामुळे. सतराव्या शतकात फ्रेंच वास्तुरचनाकार फ्रांस्वा ब्लोंदेल यांनी त्यावर सूत्र दिलं: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी म्हणजे माणसाचं एक पाऊल, आजच्या हिशेबात ६० ते ६५ सेंटिमीटर. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९, रुंदी किमान २५. बेरीज करून पाहा, ६३ येते!

पुण्यातल्या जुन्या वाड्यांत जाड भिंतीतून काढलेले खडे, अरुंद जिने दिसतात. जागा वाचते, गुडघे मात्र बोलतात.

जिन्यात मापाइतकीच बांधणीही पाहण्यासारखी असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये घुमटाखालच्या भव्य जिन्याच्या दगडी पायऱ्या एका टोकाला भिंतीत रोवलेल्या आहेत. दुसरं टोक अधांतरी.