उन्हाचा पंचनामा कोण करणार?

अहमदाबादेत मे महिन्याच्या दुपारी हातगाडीवर भाजी विकणारी बाई उन्हापायी घरी गेली, तर दिवसाची कमाई बुडते. गाडीपाशी उभी राहिली, तर पालेभाजी सुकते, डोकं गरगरतं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. कच्छच्या मिठागरात राबणारी, विटा वाहणारी, कचरा वेचणारी, सगळ्यांची हीच गत. घर पडलं, पीक वाहून गेलं तर पंचनामा तरी होतो. बुडालेल्या मजुरीचा पंचनामा होत नाही.

या बायकांसाठी विम्याची नेहमीची पद्धत कुचकामी ठरते. नुकसान दाखवा, कागद जोडा, पाहणी होईल, मग भरपाईचं बघू, या रांगेत उभं राहायचं तर आणखी एक दिवसाची मजुरी जाते.

पारा चढला की पैसे

इला भट्ट यांनी 1972 मध्ये उभी केलेली ‘सेवा’ ही असंघटित स्त्री-कामगारांची संघटना. 2023 मध्ये तिने गुजरातेतल्या 21 हजार सभासदांसाठी उष्णतेचा विमा आणला. यात तापमानाचा आकडा करारातच लिहिलेला असतो. सलग ठरलेले दिवस पारा त्यावर राहिला की पैसे थेट खात्यात जमा होतात. अर्ज नाही, दावा नाही, पाहणी नाही. कल्पना भारताला नवी नाही. 2003 मध्ये, आज तेलंगणात असलेल्या महबूबनगरच्या शेतकऱ्यांसाठी पावसाच्या मोजणीवर असाच विमा निघाला होता.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र कोणालाच पैसे मिळाले नाहीत, कारण आकडा फार वर ठरवला होता. बायकांना ऊन सोसावं लागलं, पण करारातली अट पुरी झाली नाही. मग अटी बदलल्या. 2024 मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या 22 जिल्ह्यांत मिळून 50 हजार बायका योजनेत होत्या, आणि त्यातल्या 46 हजारांहून अधिक जणींना 151 ते 1,651 रुपये मिळाले. शिवाय पारा 40 अंशांवर गेल्यावर 400 रुपयांची रोख मदत वेगळी होती. एवढ्याशा रकमेने काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी रोजंदारीचा हिशेब मांडून पाहावा. ऐन झळांत एखादा दिवस घरी थांबता येतं, औषध आणता येतं, आणि त्यासाठी सावकाराचं दार ठोठावावं लागत नाही. माझ्या लेखी गरिबाच्या विम्याची खरी कसोटी हीच आहे: पैसे अडचणीच्या आठवड्यात मिळाले की अडचण सरल्यावर?

एक रुपयाचा विमा

हप्ता स्वस्त केला की काम झालं, असं आपण फार सहज धरून चालतो. महाराष्ट्राने 2023 च्या खरिपापासून पीक विमा एका रुपयात दिला. अर्ज भराभर वाढले, त्यांत बोगसही घुसले, आणि 2025 मध्ये एक रुपयाची सवलत बंद झाली. आता शेतकऱ्याचा वाटा खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना 5 टक्के आहे.

खरं नुकसान मात्र हप्त्यापेक्षा वेगळ्याच बदलाने झालं. आधी शेतात पाणी साचलं तर 72 तासांत पूर्वसूचना देऊन त्या एका शेतापुरती भरपाई मागता येत असे. 2025 च्या खरिपात हे कलम राज्याने वगळलं, आणि भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे सरासरी उत्पन्नावर आली. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन जमिनी खरडून गेल्या. शेत आजच वाहून गेलेल्या माणसाला कापणीच्या आकड्यांची वाट पाहायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

मोजतात कुठे?

आकड्यावर चालणाऱ्या विम्यातही मोठी खोट आहे. पैसे शेतातल्या नुकसानीवर मिळत नाहीत, हवामान केंद्रावरच्या नोंदीवर मिळतात. कोकणात आंबा-काजूला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. अवेळी पाऊस, चढलेलं किंवा उतरलेलं तापमान महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर नोंदवलं जातं. पण कोकणात एका डोंगराच्या अलीकडे सर येते आणि पलीकडे ऊन असतं. केंद्र खाडीकाठी आणि बाग सड्यावर असेल, तर मोहोर गळूनही विमा कोरडाच राहतो. केंद्रांची संख्या वाढवणं आणि त्यांच्या रोजच्या नोंदी गावात फलकावर लावणं, एवढं तरी व्हायला हवं.

हप्ता भरायचा कोणी?

उष्णतेच्या विम्याचा बराचसा भार आज देणग्यांवर आहे, आणि देणग्या कायमच्या नसतात. पीक विम्यात केंद्र आणि राज्य वाटा उचलतात, मजुरीच्या विम्यातही तो उचलायला हवा. बांधकाम मजुरांपुरता मार्ग तयार आहे: बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर गोळा होतो आणि तो कल्याणकारी मंडळाकडे जातो. चंद्रपूर, अकोल्याच्या उन्हात स्लॅब टाकणाऱ्या नोंदणीकृत मजुराचा हप्ता त्यातून भरता येईल. भाजीवाली आणि कचरावेचक यांच्यासाठी असा निधी नाही. त्यांची नोंद मुख्यतः नगरपालिकेकडे असते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागेल.