बेरीज न करणारा डबा

‘शंभरची एक लाइन आणि शंभरची दुसरी, म्हणजे दोनशे झाले ना?’ पुण्याच्या तपकीर गल्लीत नेटवर्किंगचं सामान विकणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. घरी दोन कंपन्यांचं इंटरनेट घेऊन मध्ये लोड बॅलन्सिंग राउटर बसवणाऱ्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून असे राउटर घरोघरी बसवणाऱ्या एका तरुणाच्या मागे मी फिरलो. त्याचं उत्तर ठरलेलं असतं : काका, दोन रिक्षा मिळून टेम्पो होत नाही, माणसं मात्र दुप्पट जातात.

त्याच्या पिशवीत असतो तो तळहाताएवढा, पाच पोर्टचा मायक्रोटिकचा डबा. कंपनी लाटव्हियातल्या रीगाची, १९९६ सालची. इतर कंपन्यांचेही असे राउटर मिळतात, पण या तरुणाचा जीव याच्यावर. कारण याच्यात काय चाललंय ते उघडून बघता येतं.

आणि बघण्यासारखं आहेच. घरातल्या मोबाइलने कुठला तरी सर्व्हर गाठायचा ठरवला, की डबा पहिल्या पॅकेटवरचे आकडे वाचतो : कुठून निघालं, कुठे चाललं, हवं तर कोणत्या पोर्टवरून कोणत्या पोर्टला (हे पोर्ट म्हणजे डब्याची भोकं नव्हेत, संपर्काच्या दोन टोकांचे क्रमांक). त्यांच्यावर गणित करून एक ३२ बिटांची संख्या काढतो, तिला दोनने भागतो आणि बाकी पाहतो. शून्य उरलं तर पहिली लाइन, एक उरला तर दुसरी. चौथीतला भागाकार! एक लाइन २००ची आणि दुसरी ५०ची असेल तर भागायचं पाचाने. चार बाक्या मोठीला, एक लहानीला. मला हे फार आवडलं. कुठली लाइन मोकळी, कुठली तुंबलेली याची चौकशी नाही. फोर-के सिनेमा असो की आत्याचा ‘शुभ सकाळ’, डब्याच्या लेखी दोन्ही सारखेच. घरात पाच-सहा जण एका वेळी नेट वापरत असले की बाक्या आपोआप बऱ्यापैकी वाटल्या जातात.

एकदा लाइन ठरली की तो संपर्क संपेपर्यंत ती बदलत नाही. याचं मूळ १९९४ सालच्या एका तोडग्यात आहे. इंटरनेटचे पत्ते जेमतेम ४३० कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर अख्ख्या घराला बाहेर एकच पत्ता दाखवायची ‘नॅट’ची युक्ती निघाली. दोन लाइनी म्हणजे दोन पत्ते. अर्ध्यात लाइन बदलली तर समोरच्या सर्व्हरला कुणी परकाच बोलू लागल्यासारखं दिसतं आणि तो दाद देत नाही. म्हणून एकच मोठी फाइल एकाच संपर्कातून उतरत असेल तर तिला शंभरच मिळतात. वेबपानं एकेका साइटशी अनेक संपर्क जोडायची तेव्हा वाटणी जास्त खुलायची; २०१५ नंतर एचटीटीपी-२ आलं आणि ब्राउझर बरंचसं काम एकाच संपर्कात उरकू लागले. खरी बेरीज करायला मल्टिपाथ टीसीपी आहे, २०१३ पासून. पण ते दोन्ही टोकांना यावं लागतं, नाहीतर मध्ये भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागतो. घरासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

भागाकारात पोर्ट धरायचे की नाही, यावर आमचा तरुण बराच वेळ घालवतो. धरले तर स्पीड टेस्ट अनेक संपर्क उघडते, दोनशेच्या जवळ जाते, घरमालक खूश होतात. पण बँकेची साइट एकाच ग्राहकाला दोन पत्त्यांवरून येताना पाहते आणि लॉगिन तोडते. पोर्ट वगळले तर बँक चालते, पण स्पीड टेस्ट शंभरवर अडते आणि काका म्हणतात, पैसे फुकट गेले. तो बँक निवडतो आणि बोलणी खातो.

बोलणी खायला एवढंच कारण नाही. दोन्ही कंपन्यांच्या मोडेमचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ निघतो, डब्याला दोन्ही दारं सारखीच दिसतात. एकाचा पत्ता बदलावा लागतो, आणि त्याचा पासवर्ड केबलवाल्याकडे, जो फोन उचलत नाही. पुढे लाइन मेली हे ओळखायचं कसं? मोडेम इन्व्हर्टरवर असतो, त्यामुळे बाहेर फायबर तुटली तरी पोर्टवरचा दिवा जळत राहतो. म्हणून दूरच्या पत्त्याला दर १० सेकंदांनी हाक मारायची. दोनदा उत्तर नाही आलं तर लाइन बंद धरायची. मधल्या वेळात ऑफिसचा कॉल गोठतो, आणि व्हीपीएन तर नव्याने जोडावं लागतं.

मला खरी धास्ती वाटते ती वायरींची. नव्या घरी गेलं की हा मुलगा डबा उघडण्याआधी गॅलरीत जातो आणि दोन्ही वायरी कुठून आल्यात ते बघतो. बहुतेकदा एकाच खांबावरून, कधी एकाच केबलवाल्याच्या पेटीतून. कंपन्या दोन, माणूस एक. खांबाला डंपर घासला किंवा रस्ता खोदताना फायबर तुटली की दोन्ही बिलं भरूनही घर अंधारात. सोसायटीच्या दुसऱ्या बाजूने वायर आणायची तर कमिटीची परवानगी हवी, आणि भिंतीला भोक पाडायला कमिटी सहजी हो म्हणत नाही.

मग दुसरी लाइन मोबाइल सिमवर घ्यायची. तिथे कंपनी हजारो ग्राहकांना मिळून थोडेच पत्ते वापरते, बाहेरून आत यायला वाट नाही. एका काकूंना गावाहून दाराचा कॅमेरा बघायचा होता, तोही पत्ता टाकून थेट बघायचा जुना कॅमेरा. आमच्या तरुणाने तो पहिल्या लाइनला बांधून दिला आणि बजावलं, ही लाइन गेली तर घरात नेट चालेल, कॅमेरा दिसणार नाही. काकूंनी विचारलं, मग दुसरी कशाला घेतली?