खो देणाऱ्याचा भाव

खो-खोची बातमी क्रीडा पानाच्या तळाशी येते आणि तिची भाषा ठरलेली असते. अमुक संघाने तमुक संघावर एक डाव राखून मात केली, विजयी संघाकडून याने (२.१०, १.४० मि. व ३ गडी) अष्टपैलू खेळ केला, त्याला दुसऱ्याने (१.५० मि. व ४ गडी) साथ दिली. क्रिकेटवाल्यांना हे आकडे गूढ वाटतात. आम्हा मुरुडकरांपैकी ज्यांना या खेळाचं वेड आहे, ते मात्र पानाचा तळच आधी वाचतात. कंसातल्या मिनिटांवर आणि गड्यांवर लातूर-बार्शी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर तासतासभर वाद झालेले मी ऐकलेत, घातलेतही. वाद एकच: हे आकडे पाहून पोरगा निवडावा का?

निवडू नये, असं माझं मत आहे. पण ते पटवायला जरा लांबचा वळसा घ्यावा लागेल.

खेळाडू निवडण्याचं सगळ्यात मोठं शास्त्र, आणि सगळ्यात मोठा तमाशाही, अमेरिकेत आहे. तिथलं फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात धरून पळायचा आणि एकमेकांना आडवं पाडायचं. एनएफएल या त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ. दरवर्षी कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं हे संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीनं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या वर्षी जो शेवटी राहिला, त्याची पाळी पहिली. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेल यांची. त्यांचा संघ त्या काळी तळाशी होता, म्हणजे न्यायबुद्धीला गरजेचीही जोड होती! पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये झाला आणि पहिल्या पाळीत जे बर्वँगर हा शिकागो विद्यापीठाचा नामांकित खेळाडू निवडला गेला. त्याचं पैशांचं जमलं नाही. तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. ड्राफ्टच्या इतिहासातली पहिलीच निवड अशी वाया गेली, आणि तरी गेली नव्वद वर्षं ते मोठ्या श्रद्धेनं निवडतायत.

निवडीआधी पोरांची तपासणी होते. १९८७ पासून ती इंडियानापोलिस शहरात भरते. उंची, वजन, पंजाची लांबी, उभी उडी आणि चाळीस यार्डांची धाव असं सगळं मोजतात. २००० साली टॉम ब्रेडी नावाच्या पोराला चाळीस यार्ड पळायला ५.२८ सेकंद लागले. त्याच्या जागेवर खेळणाऱ्यांत हा वेळ फारच वाईट. त्याला १९९ व्या क्रमांकावर कुणीतरी उचललं. पुढं त्यानं सात वेळा अजिंक्यपद मिळवलं. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हे थेलर नंतर अर्थशास्त्राचे नोबेल घेऊन बसले) या दोघांनी ड्राफ्टचा हिशोब मांडला. त्यांचा निष्कर्ष असा की संघ पहिल्या काही निवडींसाठी वाजवीपेक्षा फार जास्त मोजतात. पहिली पाळी विकून मागच्या दोन-तीन पाळ्या घेणारा संघ फायद्यात राहतो. आपल्याला पोरगा ओळखता येतो, या आत्मविश्वासाची ती किंमत.

आपल्याकडं प्रो कबड्डीनं लिलावाची वाट धरली. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडं ३६ लाख ४० हजारांना गेला आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. २०२२ च्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या अंतिम दोन संघांचे २४ खेळाडूही यादीत होते. अमेरिकन पद्धतीच्या जवळ जाणारं कबड्डीतलं पाऊल ते हेच. पण लिलावात शेवटी पैसा बोलतो. खराखुरा ड्राफ्ट केला तो आपल्या खो-खोनं.

जुलै २०२२, पुणे. अल्टिमेट खो-खो ही नवी लीग, सहा संघ: चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान, तेलुगू. खेळाडूंचे चार गट आधीच पाडलेले आणि मानधनही ठरलेलं, ५ लाख, ३ लाख, दीड लाख आणि १ लाख. २४० नावांतून १४३ पोरं निवडली गेली. रक्कम ठरलेली असल्यामुळं बोलीची आरडाओरड नाही. प्रश्न उरला तो फक्त ‘कोण?’ एवढाच. मला हे फार आवडलं. लिलावात संघमालकाचा खिसा कळतो, ड्राफ्टमध्ये त्याच्या माणसांची नजर कळते. पहिल्या वर्षी मागचे क्रमांक नव्हतेच, त्यामुळं ‘शेवटच्याला पहिली पाळी’ हा बर्ट बेल यांचा नियम लागू पडायचा प्रश्नच नव्हता.

त्या ऑगस्टमध्ये बालेवाडीला सामने बघायला गेलो. मातीऐवजी मॅट, डोक्यावर झगमगाट, मैदान नेहमीपेक्षा आखूड, सात-सात मिनिटांच्या पाळ्या. आणि वजीर! पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की मागं वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही, हा आमच्या खेळाचा कणा. वजिराला मात्र कुणीकडंही पळायची मुभा. शेजारी बसलेले एक जुने पंच नाक मुरडत होते. मला मात्र वजिरापेक्षा गुणांचा नियम महत्त्वाचा वाटला. मातीवर गडी कसाही टिपा, गुण तेवढाच. इथं साध्या स्पर्शाला दोन गुण आणि सूर मारून टिपलं तर तीन.

त्या मोसमाचा अंतिम सामना आठवून बघा. ओडिशा ४३, तेलुगू ४५, हातात काही सेकंद. साध्या स्पर्शानं बरोबरी झाली असती. ओडिशाच्या सूरज लांडेनं आकाशीय सूर मारला, ४६-४५. त्या एका सुरानं निवडीचं गणित बदललं. लांब हाताचा, अंग झोकून देणारा आक्रमक आता दीडपट किमतीचा झाला. नियम बदलला की पोरगा तोच राहतो, त्याचा भाव बदलतो.

इतिहास सांगायलाच हवा म्हणून सांगतो: १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं नियम बांधले, १९२४ मध्ये बडोद्यानं नियमावली काढली, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तिकडं देशी खेळ दाखवले, १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. झालं.

आता माझ्या आवडीच्या कोपऱ्याकडं येतो: पाटीवर बसलेला गडी.

आठ जण एकाआड एक तोंडं फिरवून मधल्या पाटीवर बसतात. प्रेक्षक पळणाऱ्याकडं बघतात. तुम्ही एकदा बसलेल्यांच्या पायांकडं बघा. कुणी दोन्ही चवडे समांतर ठेवतो. कुणी एक पाय मागं घेऊन, शंभर मीटरच्या धावपटूसारखा, बोटं जमिनीला टेकवून बसतो. पहिल्या बैठकीतून कुठल्याही बाजूला वळता येतं, पण झेप तोकडी पडते. दुसरीतून पोरगा गोळीसारखा सुटतो, पण त्याची एक बाजू कच्ची राहते. खुंटाजवळच्या दोन जागांवर उंच पोरं बसवतात, कारण खुंट धरून अंग झोकायचं असतं. मधल्या जागांवर चपळ, लवकर वळणारी.

मुरुडला शाळेच्या मैदानावर संध्याकाळी एक सर मुलींचा सराव घेत होते. एक मुलगी प्रत्येक खो-ला अर्धा क्षण उशिरा उठत होती. सर म्हणाले, “खो ऐकून उठू नको गं बाई, पाय ऐक. मागून येणारीचे पाय ऐकू येतेत का नाही?” तिनं मान हलवली. पुढच्या फेरीत ती पाठीवर हात पडायच्या आधीच उठली, शिट्टी, फाऊल. त्याच्या पुढच्या फेरीत हात, आवाज आणि तिचं उठणं एका दमात झालं. हा अर्धा क्षण कुठल्या तपासणीत मोजणार? २०२१ मध्ये खो-खो महासंघानं आणि लीगनं मिळून दिल्लीकडं खेळाडूंचं वैज्ञानिक शिबिर घेतलं, त्यांचा वेग, ताकद, तोल मोजला. चांगलंच केलं. पण ते आडत्याच्या मॉइश्चर मीटरसारखं आहे: सोयाबीन बारा टक्क्यांच्या आत आहे का ते कळतं, दाण्यात तेल किती ते कळत नाही.

आता कंसातले आकडे. पळती करणारे तिघांच्या तुकडीनं आत येतात. आक्रमक एका वेळी एकाच्याच मागं लागतो. बाकीचे दोघं खुंटापलीकडं दम घेतात. वेळ मात्र तिघांचाही चालू असतो. म्हणजे २.१० मधलं दीड मिनिट पोरगा नुसता उभा असू शकतो. दुसरा एखादा, ज्याच्यावर बसती करणाऱ्या संघानं पहिल्यापासून डोळा ठेवलाय, तो एकेरी साखळीत जीव तोडून पळतो, पन्नास सेकंदांत बाद होतो, आणि बातमीत त्याचं नावही येत नाही. उलट त्याच्यावरच पहिला डोळा का ठेवला, हे निवडणाऱ्यानं विचारायला हवं.

गड्यांचा हिशोब तर त्याहून लबाड. हात लावणाऱ्याच्या नावावर गडी. पण तो हात लागण्याआधी कुणीतरी खो दिलेला असतो. पळणारा साखळी घालत येतो, दोन बसलेल्यांमधून शिरतो. मागचा आक्रमक त्याला गाठू शकत नाही, आणि त्याला गाठायचंही नसतं. पळणाऱ्याचा एक पाय हवेत असताना, त्याला दिशा बदलता येणार नाही अशा वेळी, तोंड त्याच्याकडं असलेल्या सोबत्याला खो द्यायचा, एवढंच त्याचं काम. हे जमलं की उठलेल्याला फक्त हात पसरायचा असतो. मी सामने बघताना वहीत दोन जादा रकाने आखतो: शेवटचा खो कुणी दिला आणि त्याच्या आधीचा कुणी. मधल्या जागांवरचा एखादा पोरगा असा सापडतो की बातमीत त्याच्यापुढं गडी शून्य, आणि माझ्या रकान्यात त्याचा क्रमांक पुन्हा पुन्हा. आपल्याकडच्या, पायानं खेळायच्या फुटबॉलमध्ये गोलाआधीच्या पासची नोंद होते. आमच्या गुणपत्रिकेत कोणी कुणाला टिपलं, किती मिनिटांनी टिपलं, फाऊल कुठला, सगळं आहे. खो देणारा नाही.

एक सर मला म्हणाले, “तुमचं बरोबर हाय हो, पण आमच्याकडं गुणलेखक एकच, आन् त्यो पण शेजारच्या शाळेचा पीटीचा मास्तर.” हे खरंच आहे.

अमेरिकेशी आणखी एक फरक. तिथं कॉलेज हीच रोपवाटिका. आमच्याकडं पोरगं कॉलेजात पोचतं तेव्हा घडून झालेलं असतं. शाळेत, गावच्या मंडळात, मग अठरा वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत, जिथं सर्वोत्तम मुलाला वीर अभिमन्यू आणि मुलीला जानकी पुरस्कार मिळतो. कॉलेज पुढं विद्यापीठाचा रंग चढवतं, इतकंच. त्यातही गंमत आहे. मुरुडचा पोरगा लातूर जिल्ह्यातला, म्हणून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडून खेळणार. रस्त्यानं थोडं पुढं गेलं की धाराशिव जिल्हा. तिथला त्याचा सवंगडी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडून. लहानपणी एका मैदानावर पळालेले ‘अश्वमेध’ या आंतरविद्यापीठ स्पर्धेत समोरासमोर येतात. आणि दोघांच्याही घरी खरा ड्राफ्ट वेगळाच समजतात: सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. लाखाचं मानधन एका मोसमाचं, नोकरी जन्माची, हा घरच्यांचा हिशोब मला चुकीचा वाटत नाही.

धाराशिवचं नाव निघालं की मुलींबद्दल बोलावंच लागतं. आमच्या भागातलं सगळ्यात कसदार खो-खो मुलींचं आहे. धाराशिवच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो १९९८ नंतर, म्हणजे २२ वर्षांनी मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. आणि अल्टिमेट खो-खोचे २०२२ चे आणि २०२३-२४ चे दोन्ही मोसम फक्त पुरुषांचे. १४३ निवडींत आमच्या भागातल्या या मुलींना जागाच नव्हती. ज्या लीगला सगळ्यात चांगला माल कुठं पिकतो हे माहीत असून तिकडं गाडी पाठवायची नाही, तिच्या निवडीच्या शास्त्राबद्दल मी काय बोलू?

कधी महिलांचा ड्राफ्ट झालाच आणि कुणी निवडणारा लातूर-धाराशिवकडं यायला निघाला, तर त्यानं विभागीय शालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्याला येऊ नये. पहिल्या दिवशी सकाळी यावं. त्या सामन्यांत निकाल लवकर लागतो आणि मग प्रशिक्षक राखीव मुलींना पाटीवर बसवतात. त्यांच्या नावापुढं मिनिटं नसतात, गडी नसतात. गुणपत्रिकेचं काम सोबतच्याकडं द्यावं आणि स्वतः मधल्या चार जागांच्या टाचांकडं बघत बसावं. फाऊल करणारीही लिहून घ्यावी. ती लवकर उठते म्हणजे तिला मागचे पाय ऐकू येतात, आणि थांबायला शिकवणं हे उठायला शिकवण्यापेक्षा सोपं असतं.