क्रीडा मंडळाची वही कोण वाचतं?

संध्याकाळ झाली की बोईसरच्या मैदानांवर कबड्डीचा दम ऐकू येतो. मुली दप्तर टाकतात आणि पळतात. आपण भाकऱ्या थापता थापता विचारतो, "किती वाजता येशील गं?" पण ती ज्या मंडळाकडून खेळते ते कोण चालवतं, पैसे कुठून येतात, संघ कोण निवडतं, हे विचारायचं आपल्या डोक्यात येत नाही. आज त्याबद्दलच बोलू या.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या मुलीची गोष्ट सांगतो. जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी झाली, हे तिला चाचणी झाल्यावर कळलं. निरोप मोबाइलच्या एका गटावर गेला होता आणि त्या गटात ती नव्हतीच. वर्षभराचा सराव फुकट गेला. कुणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. पण चाचणीची तारीख आधी फलकावर लावायची, असा नियमच त्या मंडळात नव्हता. मग तक्रार करायची तरी कशाच्या आधारावर?

असा ढिला कारभार फक्त गावातच असतो असं नाही. देशाच्या कबड्डी संघटनेचंच बघा. माजी अध्यक्ष तहहयात अध्यक्ष झाले होते आणि अध्यक्षपदावर त्यांच्या पत्नी होत्या. एका माजी कर्णधारानं कोर्टात दाद मागितली. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दोघांची पदं रद्द ठरवली आणि प्रशासक नेमला. पुढे बरीच वर्षं तो गुंता सुटला नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेनं आपल्या संघटनेला निलंबित केलं. २०२५ मध्ये इराणमध्ये महिलांची आशियाई स्पर्धा ठरली, तेव्हा आपल्या मुलींना जाता येईल का, हाच प्रश्न उभा राहिला. खेळाडू सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाच्या आदेशानं कारभार निवडून आलेल्या समितीकडे आला, मुली मार्चमध्ये तेहरानला गेल्या आणि अजिंक्यपद घेऊन आल्या. वाद खुर्च्यांचा होता, पण टांगणीला लागल्या त्या खेळणाऱ्या मुली.

मग चांगला कारभार ओळखायचा कसा? आम्ही पाच प्रश्न काढले आहेत. आपापल्या मंडळात विचारून बघा.

पहिला, मंडळ नोंदलेलं आहे का, आणि शेवटची निवडणूक कधी झाली? आपल्याकडची बहुतेक मंडळं १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, या दोन्हींखाली नोंदलेली असतात. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. ते राहिलं तर कागदावर जुनीच नावं राहतात आणि बँकेत सहीची अडचण होते.

दुसरा, हिशेब सभेत वाचला जातो का? वर्गणी, प्रवेश फी, जर्सीचे पैसे, सगळ्याची पावती हवी. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाला पैसा देता येतो, तशी कंपनी कायद्यातच सोय आहे. पण तो घ्यायचा तर संस्थेची नोंदणी आणि तपासलेले हिशेब तयार लागतात. वही नीट नसेल तर दारातला निधी परत जातो.

तिसरा, निवड कशी होते? तारीख, जागा आणि निकष आधी जाहीर हवेत. विक्रमगड, जव्हारच्या पाड्यावरून एसटीनं येणाऱ्या मुलीला आदल्या रात्री निरोप मिळून काय उपयोग? निवड समितीतल्या कुणाची मुलगी किंवा भाची चाचणीला असेल, तर त्या दिवशी त्यांनी बाजूला बसावं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे एका निवडीवर पुढची भाकरीही ठरू शकते.

चौथा, मुलीला त्रास झाला तर सांगायचं कुणाला? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडा संस्था, मैदान आणि स्पर्धेची जागा स्पष्टपणे धरली आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदा लागतो, आणि तिथे "मंडळातच मिटवू" म्हणणं हा गुन्हा ठरू शकतो. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक फलकावर लिहिलेला असावा.

पाचवा, कार्यकारिणीत बायका किती? २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला असायला हव्यात असं ठरवलं. हा नियम गावच्या मंडळासाठी नाही. पण दिल्लीत चार हव्यात, तर आपल्याकडे दोन तरी का नकोत? आणि त्या फक्त हारतुऱ्यांपुरत्या नकोत, हिशेबाच्या वहीवर सही करणाऱ्या हव्यात.

एक मात्र लक्षात ठेवा. आपली मंडळं कोण चालवतं? शाळेतले सर, नाहीतर कारखान्यातली पाळी संपवून मैदानावर येणारे दादा. खिशातले पैसे घालून ते मुलींना स्पर्धेला नेतात. त्यांच्यावर संशय घेत जाऊ नका. वही नीट असेल तर उद्या कुणी खोटा आरोप केला तरी त्यांच्याजवळ उत्तर असतं. म्हणून "हिशेब दाखवा" म्हणण्याआधी "हिशेब लिहायला मी येऊ का?" असं विचारा. बचत गटाची वही तुम्ही लिहिताच की!

आमच्या मैत्रिणीनं तेच केलं. आता त्या मंडळाच्या चाचणीची तारीख आठ दिवस आधी फलकावर लागते, आणि बाहेरगावच्या स्पर्धेला एक आई बरोबर जाते. कागद एवढाच वाढला. मुलगी पुढच्या चाचणीला वेळेवर हजर होती.

तुमच्या मंडळाची वार्षिक सभा कधी आहे, ते आजच विचारून ठेवा.