बांधावरची पायवाट



आपल्या बांधावर उभी असलेली नीलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. ते झाड आपण आणले, वाढवले, वासे म्हणून विकले. पण हजारो वर्षे तिच्या सावलीत राहिलेल्या तिथल्या आदिवासींजवळ झाडझाडोऱ्याची जी माहिती होती, ती काही रोपाबरोबर आली नाही. झाड आणता येते, माहिती माणसांपाशीच राहते.

तिकडे सिडनीच्या दक्षिणेला समुद्रकाठी बूडेरी नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्या भाषेत या नावाचा अर्थ मुबलक मासे असा सांगतात. १९९५ साली ही जमीन रेक बे येथील आदिवासी समाजाला परत मिळाली. त्यातील वनस्पती उद्यानात झाडांच्या पारंपरिक उपयोगाची माहिती देणारी पायवाट आहे आणि त्या समाजातील माणसेच पाहुण्यांना हिंडवतात. लोमांड्रा नावाच्या गवताच्या लांब पात्यांच्या टोपल्या विणतात. बँक्सियाची फुले पाण्यात भिजवून गोड पेय करतात. गवतझाडाचा चीक भाल्याचे पाते दांड्याला चिकटवायला वापरत. आपल्याकडे शिंदीच्या पानांचे झाडू आणि चटया, बाभळीचा डिंक; फरक फारसा नाही. फरक एवढाच, की तिकडे त्या माहितीला मान आहे, पाहुणा मुद्दाम वाट वाकडी करून ती ऐकायला येतो.

आपल्या राज्यातही काम झाले आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या महादेव कोळी समाजातील राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंकडून बी कसे राखावे हे शिकायला शिकलेली माणसे जातात. कृषी विभागही ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. महोत्सव चांगलेच. पण टेबलावरची जुडी पाहून भाजी ओळखता येते, तिची जागा ओळखता येत नाही. ती मुरमाड उतारावर येते की पाण्याच्या कडेला, कोवळी कधी, जून कधी, हे चालल्याशिवाय कळत नाही.

म्हणून चितेगावच्या शिवारात पहिल्या पावसानंतर बांधाबांधाने चालून पाहा. पैठण रस्त्याला कारखाने आले, गाव वाढले, तरी आत शिरले की जुने शिवार अजून आहे. तुरीच्या कडेला तांदुळजा आणि कुरडू. कुरडूची पाने फूल येण्याआधीच खुडावीत, तुरा आला की भाजी चरबट लागते. ओलसर जागी जमिनीला चिकटून घोळ आणि तिची बारीक पानांची बहीण चिवळ. दोन्हींत बेसन पेरले की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. पाथरी तर कच्चीच खावी. कुंपणावर कर्टुल्याचा वेल चढलेला असतो. बाजारात त्याचा भाव विचारून पाहा, मग बांध साफ करायचे मनातून निघून जाईल!

पोटाला लागते तेवढेच बांध देतो असे नाही. पिवळ्या फुलांच्या तरवडाची साल कातडे कमावायला लागे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी सर्वांना माहीत आहेत, पण त्याच्या मुळांचा वाख काढून दोर वळत हे आता किती जणांना ठाऊक आहे? निंबाचा पाला धान्याच्या कणगीत घालत. बाभळीच्या लाकडाचा नांगर आणि कुळव होई. या गोष्टी शेतमजूर बाया, मेंढपाळ, सुतार यांच्या तोंडी होत्या. कन्नड-सोयगावच्या डोंगरातील भिल्ल आणि ठाकर कुटुंबांकडे याहून कितीतरी जास्त आहेत. पुस्तकात त्यातले थोडेच आले.

आणि आता बांधच अरुंद होत चालला आहे. ट्रॅक्टर दरवर्षी वीतभर आत घुसतो. निंदणीला बाया मिळत नाहीत हे खरे, मजुरी परवडत नाही हेही खरे, म्हणून तणनाशक आले. पण बांधावर पंप फिरवण्याची गरज नसते. पिकातले तण मारा, बांधावरचे विळ्याने कापा, गुरांना घाला. फवारलेल्या शेतातली भाजी कधीही खुडू नका. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठची तर मुळीच नको.

दुसरी सूचना विषाची. रानातले सगळेच औषधी नसते. कळलावीचा कंद, धोत्र्याचे बी, गुंजेचा दाणा, कण्हेर यांनी जीव जातो. मुलांना ही झाडे आधी दाखवावीत, भाज्या मागाहून.

जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याप्रमाणे ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांच्या मदतीने गावची नोंदवही तयार करायची असते. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. आपल्या सी.एस.आय.आर. या संस्थेने, तिचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर असताना, जुने लेखी पुरावे पुढे ठेवले, तेव्हा १९९७ साली ते रद्द झाले. आजीबाईंना हळद माहीत होती, पण तिथे कामी आला तो कागद. आपल्या गावची वही कपाटात आहे का, आणि असली तर त्यात काय लिहिले आहे, हे ग्रामसभेत विचारा.

वही भरायची तर कचेरीत बसून भरू नये. मृगाचा पाऊस पडून पंधरा दिवस झाले की एका सकाळी गावातल्या दोन-तीन वयस्क बायांना पुढे घालावे, मागे शाळेची मुले, ग्रामसेवक आणि वही. त्यांचा रोज बुडत असेल तर पंचायतीने तो द्यावा. माहिती फुकटची समजू नये. झाडाचे नाव गावोगाव बदलते, चिवळीला कोणी चिघळ म्हणते, तेव्हा सांगतील तितकी सगळी नावे लिहावीत. सांगणाऱ्या बाईचे नावही त्यांची संमती घेऊन लिहावे. पावसाळी फेरीत पळसाची फुले दिसणार नाहीत. त्यासाठी होळीच्या आधी दुसरी फेरी ठेवावी.