फवारणीचे विष आणि आपला व्यापार

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील गाव. या पट्ट्यातला कापूस पिंजारी बांधवांपर्यंत पोहोचतो, भाजीपाला व सीताफळे बागवानांच्या गाड्यावर येतात. त्यामुळे शेतात काय फवारले जाते हा एकट्या शेतकऱ्याचा प्रश्न आहे, असे आम्ही मानत नाही.

सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मोनोक्रोटोफॉससारखे औषध श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जाते व मज्जातंतूंवर घाला घालते. घाम, लाळ सुटते, नजर अंधुक होते, दम लागतो. शिवारातील मधमाश्याही त्याने मरतात. मग फळधारणा घटते आणि मालच कमी येतो.

भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास २००५ पासून मनाई आहे. व्यापारी बांधवांनी माल उचलताना शेवटची फवारणी कधी झाली, हे जरूर विचारावे. डब्यावर लाल खूण म्हणजे अत्यंत विषारी. त्याखालोखाल पिवळी, निळी, हिरवी. औषधाचे डबे किराणा मालाजवळ ठेवू नयेत. रिकाम्या डब्यात तेल-पाणी भरणे तर जिवावरचा खेळ आहे.

ओले धान्य ढिगाखाली लपविणाऱ्या विक्रेत्याला प्रेषितांनी (स.) बाजारातच टोकले होते. ओल हाताला लागते, विष लागत नाही. म्हणून आपली जबाबदारी अधिक. ग्राहकाच्या पोटात विष घालून मिळालेला नफा हलाल कसा म्हणावा?