कचऱ्याच्या उगमाकडे

१९९०च्या सुमारास पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली मंडळी कचरावेचक बायकांच्या वस्त्यांत गेली, ती साक्षरतेचं काम घेऊन. निरक्षरता हाच प्रश्न, असं गृहीत होतं. बायकांच्या लेखी अडचण वेगळीच होती. कुंडी उपसताना हाताला काच लागते, कुत्री अंगावर येतात आणि इतकं करून मिळणारं भंगार ओल्या घाणीत बरबटलेलं असतं.

त्या विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी ते ऐकून घेतलं, हे फार मोलाचं. कारण तिथून कामाची दिशाच बदलली. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा झाला तर कुंडीत हात घालावाच लागणार नाही. कोथरूडमध्ये काही बायकांनी दारोदार जाऊन तसा सुका कचरा घ्यायला सुरुवात केली.

मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बाईकडे तोवर चोर म्हणून पाहिलं जाई. पंचायतीचं म्हणणं सरळ होतं: हे श्रम आहेत, पण शहर त्यांना काम म्हणत नाही. याच मागणीतून महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं आली, पुढे आरोग्य विमा आला. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला आणि दारावरचा कचरा गोळा करणं हे त्यांचं रीतसर काम झालं.

तरीही एक त्रास कायम होता. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उघडेच सुक्या कचऱ्यात यायचे आणि वर्गीकरण करताना हातात यायचे. यावर हातमोजे द्या, लोकांना समजावा, असे उपाय सुचणं स्वाभाविक होतं, तेही गरजेचेच. पण संघटना आणखी मागे गेली. नॅपकिन गुंडाळायला सोबत पाकीट का नाही? ते कुणी द्यायचं? २०११च्या प्लास्टिक कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली होतीच. तिचा आधार घेऊन २०१३ मध्ये ‘स्वच्छ’ने वापरलेले नॅपकिन गोळा करून थेट कंपन्यांकडे परत पाठवले.

केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये आले. नॅपकिन आणि डायपर बनवणाऱ्यांनी विल्हेवाटीसाठी पाकीट किंवा वेष्टन द्यावं आणि घरांनीही ते नीट गुंडाळूनच कचऱ्यात टाकावेत, अशी तरतूद त्यांत होती.